भूमी कोणाची? रायगडच्या किनाऱ्यावरचा एक जुना प्रश्न

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतली कृष्णा पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते, पोलादपूर आणि महाडवरून शंभरेक किलोमीटर वाहते आणि हरिहरेश्वरजवळ बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात शिरते. एकाच माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. सह्याद्रीपलीकडे माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी वर्ष चांगले गेले म्हणतात. अलीकडे रायगडच्या किनाऱ्यावर दोन हजारांच्या वर पडतो. तिकडे ज्वारी-बाजरी, इकडे भात. तिकडे काळी भुई, इकडे तांबडी माती आणि खाजणाचा चिखल. ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरच्या या देशात असे बदल पावलोपावली भेटतात आणि ते का होतात, हे भूगोल नीट समजावून देतो. या भूमीवर हक्क कोणाचा, हे मात्र भूगोल सांगत नाही. तो प्रश्न धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे, आणि रायगडच्या किनाऱ्याइतक्या निरनिराळ्या तोंडांनी तो क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. उत्तरेला उरण-पनवेल, दक्षिणेला सावित्रीचे मुख, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि मधल्या पट्टीत पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, मांदाड अशा आखूड, वेगवान नद्या. या नद्यांच्या मुखांतून समुद्र आत घुसतो. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांमधून भरतीचे पाणी मैलोन्‌मैल आत येते आणि उधाणाला चार मीटरहून अधिक चढते. त्यामुळे जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, याचे उत्तर इथे दिवसातून चार वेळा बदलते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच हिशेबाने चालते. देवळामागच्या टेकडीवरून कातळाच्या अरुंद खिंडीतल्या पायऱ्या उतरल्या की लाटांनी कापून काढलेला सपाट खडक लागतो, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली. ओहोटीला भाविक या खडकावरून देवाला वळसा घालतात. भरतीला तो मार्ग पाण्याखाली असतो, आणि प्रदक्षिणा थांबते.

या किनाऱ्याची सर्वांत प्रसिद्ध कथा परशुरामाची. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करून त्याने ती सगळी कश्यपाला दान दिली. दान दिलेल्या भूमीवर दात्याने राहू नये, म्हणून कश्यपाने त्याला निघून जायला सांगितले. परशुराम पश्चिमेला आला आणि समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारकाची भूमी मोकळी केली, असे महाभारताचे शांतिपर्व सांगते. पुढे सह्याद्रिखंडाने आणि लोककथांनी या कथेत समुद्र हटवणारा बाण आणला, सात कोकणे आणली आणि नव्या भूमीवर वसवलेली कुळेही आणली. हीच कथा पुढे शतकानुशतके विशिष्ट कुळांच्या हक्काचा दाखला म्हणून वापरली गेली. कथा बारकाईने वाचली तर ती उलट दिशेने बोलते. जिंकलेली भूमी देऊन टाकावी लागते, दिलेली भूमी परत घेता येत नाही, आणि जी नवी मिळते ती समुद्राकडून मिळते, म्हणजे ज्याच्यावर कोणाचाच कायमचा ताबा नाही त्याच्याकडून. शिवाय ती रिकामी भूमी गृहीत धरते. मासे धरणारे कोळी, डोंगरातले कातकरी आणि ठाकर यांची त्या कथेत नोंद नाही. मांदाडच्या खाडीजवळची कुडा लेणी, महाडजवळची गांधारपाले लेणी दोन हजार वर्षांच्या घरात जातात. कुड्याच्या शिलालेखांत दान देणारे वैद्य, माळी, लोखंडाचे व्यापारी भेटतात. भूमी रिकामी कधीच नव्हती.

मीमांसकांनी या प्रश्नाला सरळ हात घातला आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्वाचे दान करायचे असते. मग यजमान राजा असेल तर त्याने आपल्या राज्याची भूमीही दान द्यावी काय? जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबराने नाही असे उत्तर दिले. भूमी सर्वांना सारखीच आहे. शेताचा तुकडा कोणाचा असू शकतो, पण पृथ्वी राजाची नसते. राजाला रक्षणाबद्दल उत्पन्नाचा वाटा मिळतो, एवढाच त्याचा संबंध. यज्ञाच्या तपशिलात निघालेला हा निर्णय भारतीय विचारातल्या फार मोठ्या निर्णयांपैकी एक आहे, आणि त्याची जितकी आठवण ठेवायला हवी होती तितकी ठेवली गेली नाही. पश्चिम आशियातला धर्मविचारही याच ठिकाणी पोहोचला होता. बायबलच्या लेवीय ग्रंथात जमीन कायमची विकायला मनाई आहे, कारण ती ईश्वराची आणि माणसे तिच्यावरचे पाहुणे. पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी, अशी तिथे व्यवस्था सांगितली आहे.

भूविज्ञानाची हकीकत पुराणापेक्षा वेगळी आहे, पण हक्काच्या प्रश्नावर तीही नम्रच करते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचा कातळ बनला. पनवेलच्या रेषेत हे थर वाकून समुद्राकडे कलले आहेत. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन थंडीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. नंतर बर्फ वितळले आणि समुद्र चढत आला. म्हणजे परशुरामाच्या बाणाने समुद्र जितका हटला असे कथा सांगते, त्याहून अधिक भूमी समुद्राने गिळली आहे. त्यानंतर नद्यांनी आणलेला गाळ खाड्यांच्या कडेला साचू लागला. ज्या चौल बंदरात रोमन काळापासून जहाजे लागत, तेही पुढे गाळाने भरत गेले. एकाचे बंदर बुडाले, तर दुसऱ्याला शेत मिळाले.

ते शेत आपोआप मिळाले नाही. पेण, अलिबाग, उरण, रोहा या भागांत खाडीकाठचा चिखल बांध घालून अडवला आणि त्यातून हजारो एकर भातशेती उभी राहिली. चिखल अडवण्याच्या या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात. बाहेरचा बांध मातीचा, समुद्राच्या तोंडाला दगडांचा. बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने तिचे झडप बाहेर उघडते, शेतातले पाणी खाडीत जाते. भरती आली की समुद्राच्याच दाबाने झडप घट्ट बसते. पहिली काही वर्षे पाऊस फक्त मीठ धुऊन काढतो. मग खारे पाणी सोसणारा भात लावायचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच जमिनीसाठी पनवेल १, २, ३ या जाती काढल्या. शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा मासा वाढतो, आणि पाहुणा आला की त्या तळ्यात जाळे पडते.

या बांधाचा शत्रू नेहमीच वादळ नसते. खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपू लागते, झिरपा वाढत जाऊन एखाद्या उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडते. सकाळपर्यंत साऱ्या खारात समुद्र असतो, आणि पुढची दोन-तीन वर्षे भात पिकत नाही. म्हणून खांड बुजवायला घराघरातून माणूस जातो. तिथे आपले शेत, परके शेत असा भेद करून चालत नाही, कारण बांध एकच असतो. अलिबागकडच्या शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध राखणे ही शिलोत्रदाराची जबाबदारी होती आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून त्याला धान्य मिळे. हक्क आणि डागडुजी एकमेकांना बांधलेली. भूमी ही मिळालेली वस्तू असण्यापेक्षा राखलेली वस्तू आहे, हे मीमांसकांचे तत्त्व इथल्या आगरी शेतकऱ्याने चिखलात उभे राहून सिद्ध केले होते, असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्षात मात्र चिखलात उभा राहणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा हे दोघे वेगळे झाले. खोत जमिनीचा मालक आणि कसणारा कूळ ठरला. पिकाचा अर्धा वाटा खोताच्या कोठारात जाऊ लागला. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचे थांबवले. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेतकऱ्याने आपल्याच हातची शेते पडीक पाहायची, लाकडे विकून आणि मजुरी करून पोट भरायचे, ही तपश्चर्या सामान्य नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा.

भूमीवरचा हक्क श्रमाने मिळतो असे मानले, तरी दुसरा प्रश्न उरतो. जो बाहेरून आला त्याचे काय? या किनाऱ्यावर बाहेरून न आलेला माणूस शोधणे अवघड आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी जंजिऱ्यावरून राज्य केले आणि ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. अरब प्रवासी अल्‌ मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला तेव्हा इथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली बोली आजही घरात बोलली जाते, पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले तरी.

बेने इस्रायल समाजाची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. चित्पावनांच्या लोकप्रचलित कथेतही समुद्राने किनाऱ्यावर आणलेली चौदा प्रेते परशुराम जिवंत करतो. दोन समाजांच्या मूळकथा इतक्या जवळ याव्यात, हे अभ्यासकांच्या पूर्वीच लक्षात आले आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. ग्रंथ समुद्रात गेले होते, भाषा मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर. उरले होते सब्बाथ, सुंता, काही उपवास आणि खाण्याचे नियम. कोचीनच्या दावीद रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची पारख केली ती माशांवरून, असे परंपरा सांगते. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी वेगळी काढली. ही गोष्ट सांगताना धर्मग्रंथ, प्रदेश, वंश यांपैकी काहीच साक्षीला लागत नाही. कोकणच्या बाजारातून घरी आलेल्या पाटीतला मासा धर्म ओळखून देतो.

रेवदंड्याचे बेथ एल, अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ ही सिनेगॉग एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. पवित्र ग्रंथांची पेटी पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण जेरुसलेम त्या दिशेला. पण नवस फेडायचा तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण तिथल्या खडकावर उमटली, अशी श्रद्धा आहे. तिथे पोहे, ओले खोबरे, गोडवा आणि फळे यांचा मलिदा होतो. बायबलातला संदेष्टा आणि कोकणचा पोहा एका ताटात येतात, आणि त्यात विसंगती आहे असे त्या समाजाला कधी वाटले नाही. प्रार्थनेची भूमी एक आणि राहण्याची भूमी दुसरी असली तर निष्ठा दुभंगते, असे ज्यांना वाटते त्यांनी ही शतके तपासून पाहावीत.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. ज्या दिशेला तोंड करून पिढ्यांनी प्रार्थना केली, तिथे पोचल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली गेली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांना अडथळे आणले. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे तिथल्या संसदेला आणि सरकारला जाहीर करावे लागले. अलिबाग-पेणच्या गावकऱ्यांनी त्यांच्याकडे असा दाखला कधी मागितला नव्हता.

एवढ्यावरून हा किनारा सर्वांना पोटाशी धरणारा होता असा निष्कर्ष काढला, तर तो महाडच्या चवदार तळ्यापाशी अडतो. महाडच्या परिसरात पावसाळ्यात आकाश फाटल्यासारखा पाऊस पडतो. तरी त्या पाण्याने भरलेल्या सार्वजनिक तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव होता. गुरे तिथे पाणी पीत, दूरदेशचा परधर्मीय येऊन पाणी घेई. ज्यांचे पूर्वज इथेच राबले ते तेवढे दूर. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला, महाड नगरपालिकेनेही तो १९२४ मध्ये स्वीकारला, पण पाणी कोणी पिऊ दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली आणि प्रकरण कोर्टात नेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. भूमी सर्वांना सारखी, हे भाष्यात लिहिणारी परंपरा आणि तळ्यात पंचगव्य ओतणारी परंपरा एकाच धर्माच्या नावाने चालत होत्या. शबराचे वाक्य शास्त्र म्हणून शिकवले गेले. तळ्यावर ते लागू करण्याचे काम अस्पृश्यांवर पडले. धर्मविचाराची परीक्षा ग्रंथात होत नाही, ती पाणवठ्यावर होते, आणि त्या परीक्षेत इथला समाज नापास झाला होता.

याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमिनीची मागणी केली आणि गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. हवा, पाणी, सूर्यप्रकाश यांच्यासारखीच जमीन ईश्वराची आहे, हा विनोबांचा सिद्धांत. मागण्याची रीत मोठी मार्मिक होती: घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. अशा मागणीत देणारा उपकारकर्ता होत नाही, घेणारा भिकारी होत नाही; दोघे भाऊबंद होतात आणि दान ही वाटणी ठरते.

विनोबा जवळजवळ चौदा वर्षे पायी चालले. बिहारच्या गंगाकाठापासून तमिळनाडूपर्यंत, चंबळच्या घळींपासून आसामपर्यंत, १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातूनही. या देशाचा भूगोल त्यांच्याइतका पायांनी वाचलेला माणूस विसाव्या शतकात विरळा. जिथे जात तिथली भाषा शिकत, तिथल्या संतांचे ग्रंथ वाचत; देशाची विविधता त्यांना अडचण वाटली नाही. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. त्यातली बरीच खडकाळ, वादातली किंवा कागदावरचीच निघाली आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही. भूदानाचे हे अपयश खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मालकी सोडणे एका दिवसाच्या सभेत होते. जमीन मोजणे, नावावर करणे, बैल आणि बियाणे देणे, बांध घालणे हे काम वर्षानुवर्षांचे. गागोद्याहून फार दूर नसलेल्या खारांमध्ये हे शेतकऱ्यांना केव्हाच माहीत होते.

आज हा प्रश्न पुन्हा खाडीच्या काठावर आला आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले आणि फार मोठ्या संख्येने ते विरोधात गेले. जमीन राखणाऱ्याला आधी विचारावे, ही साधी गोष्ट इतक्या उशिरा घडली, पण घडली. दुसरा पेच अधिक नाजूक आहे. बाहेरचा बांध दुरुस्त झाला नाही, खांड पडली, समुद्र आत आला आणि वर्षानुवर्षे परत गेला नाही, की त्या शेतात कांदळवन रुजते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर कडक निर्बंध घातले, आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते योग्यच आहेत, कारण त्यातल्या तिवरांची मुळे लाटेचा जोर मोडतात आणि माशांची पिले सांभाळतात. पण मग सातबाऱ्यावर भातशेती म्हणून नोंद असलेली जमीन प्रत्यक्षात संरक्षित वन होते. शेतकऱ्याचे नाव राहते, शेत राहत नाही. बांध राखण्याची जबाबदारी पुढे ज्या सरकारी यंत्रणेकडे गेली होती तिच्याकडे भरपाई मागावी, की तिवर काढून बांध पुन्हा घालू देण्याची परवानगी मागावी, हे पेण-अलिबागच्या खारांतले शेतकरी आज विचारत आहेत. खाडीतले कोळी त्याच तिवरांच्या आधाराने मासळी धरतात, म्हणून त्यांचे म्हणणे वेगळे पडते, आणि दोघांचे दावे एकाच चिखलावर आहेत.